बिनघऱ्यांची धूळ

एका राज्यात अशी शिस्त होती की नदीला पूर आला तरी ती आधी राजाला विचारी, मग काठ ओलांडी. त्या राजाचे नाव धृतवर्मा. राणी बाळंतपणातच गेली होती आणि मागे एक मुलगी ठेवून गेली होती, शाल्मली. तिला वाढवले राजाच्या धाकट्या बहिणीने, मंजिष्ठेने. मंजिष्ठा राज्याची सेनापती होती. सकाळी ती घोडदळाची पाहणी करी, दुपारी भाचीच्या वेण्या घाली, आणि दोन्ही कामे सारख्याच निगुतीने करी.

राज्याच्या सीमेवर काळ्या डोंगरात कज्जल नावाचा मायावी राहत असे. त्याने राजाकडे अर्धे राज्य मागितले. राजाने नाही म्हटले. कज्जल रागावला नाही. त्याने भेट म्हणून एक शिसवी पेटी पाठवली. पेटीत कबुतराच्या अंड्याएवढाले मोती होते आणि मोत्यांवर बोटभर धूळ साचली होती. शाल्मलीने झाकण उघडले, मोती नीट दिसावेत म्हणून धूळ फुंकली, आणि ती धूळ उलटून तिच्याच नाकात गेली.

संध्याकाळी तिचा घसा बसला. सकाळी तिला उठवेना. अंगाला ताप नाही, कुठे सूज नाही, कुठे लाली नाही. श्वास तेवढा आखूड होत चालला. राजवैद्य पुंडरीकाने नाडी धरली आणि सोडली.

"महाराज, रोगाची खूण कुठेच दिसत नाही," तो म्हणाला, "आणि रोगी तर हातचा चालला आहे."

तेवढ्यात कज्जल वेशीपाशी येऊन बसला. त्याने निरोप धाडला: "राजा, ती धूळ माझी आहे. मी हाक मारली तर ती परत येईल. आता अर्धे नको, सगळे राज्य हवे. तिसऱ्या सूर्यास्तापर्यंत मी इथे बसतो."

राजाने राजमुद्रा मागवली. मंजिष्ठेने मुद्रेवर हात ठेवला.

"दादा, तिसरा सूर्यास्त अजून यायचा आहे."

राजाने मुद्रा उचलली नाही.

त्याच वेळी खिडकीबाहेर एक टिटवी ओरडू लागली. टिटवीचे ओरडणे अशुभ, म्हणून सेवक दगड घेऊन धावले. मंजिष्ठेने त्यांना अडवले. "शत्रू दिसला की ती ओरडते. शत्रू तिने आणला असे होत नाही. माझ्या पहारेकऱ्याला मी दगड मारीन का?"

टिटवी आत येऊन खिडकीच्या चौकटीवर बसली आणि माणसासारखी बोलू लागली.

"सेनापती, या मुलीच्या अंगात तिची स्वतःची सेना आहे. ती जन्माबरोबरच आली आहे. तिला कोणी शिकवले नाही, शिकवावे लागत नाही. पण कज्जलाने आतल्या घरांच्या तोंडाला कुलूप घातले आहे. शत्रू घरात शिरला, तरी घरातून हाक निघत नाही. म्हणून सेना निजलेली आहे."

"तिला उठवायचे कसे?"

"आत जावे लागेल. मुक्यांना वाचा दे, हे पहिले काम. ज्या दारी तोरण नाही ते घर जाऊ दे, हे दुसरे. अग्नी पेटव आणि पेटता ठेव, हे तिसरे."

"आणि तलवार?"

"तलवार बाहेर ठेव. आतली प्रत्येक भिंत शाल्मलीची आहे."

मंजिष्ठेने तलवार भावाच्या हातात दिली. टिटवीने पंखातले एक पीस उपटून तिच्या कपाळाला लावले. मंजिष्ठा आधी बोटाएवढी झाली, मग खसखशीच्या दाण्याएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. शाल्मलीने श्वास आत घेतला, आणि त्या श्वासाबरोबर तिची आत्याही आत गेली.

नाकाच्या गुहेत चिकट पाण्याची नदी होती. नदीच्या तळाशी केसांसारखे गवत डुलत होते आणि डुलता डुलता नदीला पुढे लोटत होते. आलेल्या धुळीने त्या पाण्यात चिकटावे आणि पाण्याबरोबर निघून जावे, ही त्या वेशीची रीत होती. मंजिष्ठाही चिकटली. तिने हातपाय मारले तसतशी ती अधिकच गुंतली. शेवटी ती निमूट पडून राहिली, पाण्याने तिला लोटत घशाच्या काठाला आणले, तेव्हा दगडाला धरून ती वर आली. तिथे तिला दिसले, एका जागी गवत आडवे पडले होते आणि काठ उघडा पडला होता. तिने अनेक वेढे पाहिले होते. शत्रू कुठून शिरला, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

पुढे घशाची वस्ती होती. भिंतीला भिंत लागून घरे, आणि प्रत्येक दाराला तोरण. घरात जे शिजे त्याचा एकेक कण त्या तोरणात ओवलेला असे, म्हणजे आत काय चालले आहे ते रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावे. एका दाराला मात्र तोरण नव्हते. मंजिष्ठा तिथे शिरली.

आत एक बाई चुलीपाशी बसली होती. सगुणा तिचे नाव. तिचे तोंड मेणासारख्या कशाने तरी लिंपलेले होते. हात तिचेच होते, पण ते तिचे ऐकत नव्हते. ते सारखे वळत होते, थापत होते, रचत होते. आणि त्या हातांतून एकामागून एक बिनघरे तयार होऊन भिंतीशी उभे राहत होते.

बिनघऱ्याला हात नसतात, पोट नसते, चूल नसते. रस्त्यावर पडला तर तो धूळ. ना जिवंत, ना मेलेला. घरात शिरला की तो मालक होतो, आणि घरधनिणीच्याच पिठाने, तिच्याच चुलीवर, तिच्याच हातांनी आपल्यासारखे आणखी घडवून घेतो. कज्जलाच्या पेटीतली धूळ ती हीच.

मंजिष्ठा धावत गल्लीत आली आणि ओरडली, "दारे लावा! शत्रू आत आहे!" सेनेला हुकूम देणारा तो आवाज होता. एकही दार हलले नाही. शेजारणी आपापले काम करीत राहिल्या. परक्याच्या हाकेला उठायची त्यांची रीत नव्हती.

ती परत आत आली. सगुणा तिच्याकडे पाहत होती. हात गुंतलेलेच होते, म्हणून सगुणेने पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचा एक दोर पुढे सरकवला. मंजिष्ठेने तो उचलला. साधा दोर होता. दोन पेड एकमेकांत वळलेले, एवढेच. पण सगुणेने डोळ्यांनी आधी दोर दाखवला, मग दार दाखवले. मंजिष्ठा दोर घेऊन निघाली.

गल्लीच्या टोकाला एक अगडबंब माणूस बसून फुटकी मडकी खात होता. त्याने हात लांबवून मंजिष्ठेला उचलले आणि तोंडापाशी नेले.

"तू इथली नाहीस," तो म्हणाला. "जे इथले नाही ते मी खातो. मला पोटोबा म्हणतात."

"मी तिची आत्या आहे."

"आत्या म्हणजे काय?"

"तिच्या वेण्या घालते ती," मंजिष्ठा म्हणाली.

पोटोबा विचारात पडला. "वेण्या वर असतात. घट्ट बांधल्या की डोक्याकडचे लोक तक्रार करतात. ती तू काय?" त्याने तिला खाली ठेवले. "हातात काय आहे?"

तिने दोर दिला. पोटोबाने तो तोंडात टाकला, चावला, आणि त्याचे चावणे थांबले.

"दुपेडी," तो म्हणाला. "आमच्याकडे निरोप एकपेडी दोरावरून येतात. दुपेडी दोर फक्त बिनघरे वळतात. कोणत्या घरातून आणलास?"

"बिनतोरणाच्या. तिथल्या बाईचे तोंड लिंपले आहे."

"सगुणेचे ना? माझे नाही," पोटोबा म्हणाला आणि उभा राहिला.

त्याने जी हाक दिली ती कानांनी ऐकू येण्याजोगी नव्हती. फोडणीचा ठसका लागावा तशी ती गल्लीत पसरली, फटीफटींतून घरांत शिरली. सगळ्या शेजारणी एकदम उठल्या. त्यांनी चुली विझवल्या. पीठ उचलून ठेवले. घरातले दोर, परके कोणते आणि आपले कोणते हे पाहत न बसता, सगळेच कापून टाकले. मग आतून कड्या घातल्या आणि उपाशी बसून राहिल्या. बिनघरे येऊन दारांवर आपटले, आत शिरले तरी त्यांना चूल मिळेना, पीठ मिळेना. ज्या घरांना अजून पुरते कुलूप लागले नव्हते तिथूनही हाका निघू लागल्या. हाकेला हाक मिळत गेली. वस्तीखालून वाहणाऱ्या तांबड्या नदीचे बांध सैल झाले, पाणी गल्ल्यांत चढले आणि त्या पाण्याबरोबर नवे शिपाई येऊ लागले.

पहिले काम झाले.

"एवढ्याने जिंकलो का?" मंजिष्ठेने विचारले.

"छे. दूर गावच्या शाळांत काही पोरे शत्रूचा चेहरा शिकतात. ती एकदा शिकली की कधी विसरत नाहीत. पण त्यांना यायला वेळ लागतो. तोवर गल्ली आपणच राखायची."

हाक ऐकून पारखिणी आल्या. राखी लुगडी, हातांत काही नाही, तोंडाने शब्द नाही. त्या प्रत्येक दाराशी थांबत, तोरणाला बोट लावत आणि पुढे जात. घरावर तोरण असले की त्या मागे वळूनही पाहत नसत. असे करता करता त्या सगुणेच्या दाराशी आल्या. पुढच्या पारखिणीने चौकटीवर हात फिरवला. तोरण नव्हते, आत काय शिजते ते कोणाला कळू नये म्हणून बिनघऱ्यांनीच ते उतरवले होते.

मंजिष्ठा दारात आडवी उभी राहिली. तिचा हात कमरेकडे गेला. कमर रिकामी होती.

"ही आपली आहे," ती म्हणाली. "हिनेच दोर दिला. हिच्यामुळे तुम्ही जाग्या झालात."

पारखीण थांबली. तेव्हा आतून आवाज आला. गल्लीभर पसरलेल्या हाकेने सगुणेच्या तोंडावरचा लेप तडकला होता.

"बाजूला व्हा, बाई."

"दुसरा काही उपाय असेल."

"असेलही. माझ्या भिंतीशी हे किती उभे आहेत ते बघितलंत ना? भिंत फुटली की सगळे गल्लीत. मी आतून आवरून घेतलं तर माझ्याबरोबर इथंच राहतील."

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते. म्हणून तर म्हणते, उशीर करू नका."

मंजिष्ठेने आजवर अनेकांना लढाईवर धाडले होते. आज्ञा द्यायची, घोडा वळवायचा, हे तिला ठाऊक होते. दारातून एक पाऊल बाजूला व्हायचे, हे तिला त्या साऱ्याहून जड गेले. पण ती बाजूला झाली.

पारखिणीने भिंतीला नुसता तळहात टेकला. सगुणेने चूल विझवली. तिने घर मोडले ते पोते घडी घालावे तसे, आतल्या आत, कोपऱ्याला कोपरा लावून. जे जे होते ते तिने लहान लहान गाठोड्यांत बांधले, बिनघरेही त्यातच बांधले, आणि शेवटच्या गाठोड्याबरोबर तीही दिसेनाशी झाली. रस्त्यावर एक थेंबही सांडला नाही. पोटोबा आला, त्याने एकेक गाठोडे दोन्ही हातांनी उचलले आणि गिळले. मडकी खाताना तो आवाज करी. आता त्याने आवाज केला नाही.

मंजिष्ठेने डोळे पुसले आणि ती पुढच्या गल्लीत गेली. जिथे तोरण दिसले नाही, तिथे तिने स्वतः पारखिणींना हाताने खुणावले. एकदाही ती दारात आडवी उभी राहिली नाही.

दुसरे काम झाले. पण बिनघरे झपाट्याने वाढत होते आणि पारखिणी दमत होत्या. पोटोबाने आपल्या पोटातून एक निखारा काढून मंजिष्ठेच्या पदरात टाकला. पदर जळला नाही.

"डोक्यातल्या डोंगरावर तापस बसतो. त्याला हा दे. म्हणावे, खालच्या लोकांनी ऊब मागितली आहे. बिनघऱ्यांना ऊब सोसत नाही, आणि आमचे हातपाय तिने मोकळे होतात."

तांबड्या नदीत वाटीसारख्या गोल होड्या वाहत होत्या. एका होडीत बसून ती डोंगरावर पोहोचली. तिथे एक हडकुळा म्हातारा शेकोटीपाशी बसला होता. शेकोटीशेजारी दगडावर एक रेघ होती. तापसाने निखारा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि रेघ पुसून थोडी वर ओढली.

"इथवर," तो म्हणाला. "याच्या पुढे नाही. पण इथवर नक्की."

त्याने लाकडे रचली. सगळे राज्य थरथरले. हातपाय, जबडा, पाठ, सगळीकडून कंप उठला, आणि त्या कंपाबरोबर ऊब चढू लागली. खाली बिनघरे मंदावले. पारखिणींची पावले झरझर पडू लागली. मंजिष्ठेला पहिल्यांदाच वाटले की हे जमेल.

आणि मग वरून गारठा कोसळला.

ज्वाळा खाली बसल्या. तापसाने आणखी लाकूड घातले, गारठा आणखी वाढला. "बाहेरून कोणी बर्फ लावतो आहे," तो म्हणाला. "मी पेटवीन, तो विझवील. दोघांच्या ओढाताणीत पोर थकून जाईल. कोण आहे वर?"

"तिचा बाप."

"मग त्याच्याशी तूच बोल. माझा आवाज तिथवर पोहोचत नाही."

शाल्मलीला शिंक आली, आणि त्या शिंकेबरोबर मंजिष्ठा बाहेर पडली ती थेट राजाच्या तळहातावर. टिटवीने तिला पिसाने स्पर्श केला. ती बोटाएवढी झाली, म्हणजे आवाज कानी जावा. तिने पाहिले, तिसऱ्या दिवसाचे ऊन भिंतीवरून खाली उतरत होते. मुलीच्या कपाळावर, छातीवर, पायांवर बर्फाच्या लाद्या होत्या. राजाच्या दुसऱ्या हातात मुद्रा होती.

"मंजिष्ठा," राजा म्हणाला, "सकाळपर्यंत ती गार होती. आता निखाऱ्यासारखी तापली आहे, थरथरते आहे. कज्जल म्हणतो, ही शेवटची खूण."

"दादा, ती आग मी स्वतः पदरात घालून नेली. आपल्या माणसांनी मागितली होती."

"ती जळते आहे."

"आगीपाशी एक म्हातारा बसला आहे. त्याने रेघ ओढली आहे आणि तो ती ओलांडत नाही. तू बर्फ घालतोस, म्हणून तिला दुप्पट झुंजावे लागते."

"तुला खात्री आहे?"

भावाशी मंजिष्ठा कधी खोटे बोलली नव्हती.

"शेवट काय होईल याची नाही. पण आत कोण कसे लढते आहे ते मी पाहून आले आहे. एकीने माझ्यासमोर आपले घर मोडले. दादा, त्यांना थोडा वेळ दे. रेघ ओलांडली गेली तर मीच तुला सांगेन, आणि बर्फही मीच आणीन."

राजाने मुलीकडे पाहिले. मग त्याने मुद्रा खाली ठेवली आणि एकेक लादी आपल्या हातांनी उचलून खिडकीबाहेर टाकली. पुंडरीकाला म्हणाला, "वैद्यराज, कोमट पाणी आणा. मी पाजतो." तो मुलीच्या उशाशी बसला आणि चमच्याने पाणी पाजू लागला. एक थेंबही सांडत नव्हता. पुंडरीक नाडी धरून बसला आणि मंजिष्ठा शाल्मलीच्या कपाळावर कान लावून बसली. आतून लाकडांचा तडतडाट ऐकू येत होता, एका लयीत, वाढत नव्हता आणि कमीही होत नव्हता.

सूर्य टेकडीला टेकला. वेशीपाशी कज्जल उठून उभा राहिला.

"राजा, मुद्रा?"

"देत नाही," राजाने सज्जातून सांगितले.

"मग मुलगी माझी," कज्जल म्हणाला, आणि त्याने धुळीला हाक मारली, की आता एकजात उठा आणि काम संपवा. काही झाले नाही. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली. काही धूळ चिकट नदीत अडकून पडली होती, काही पोटोबाच्या पोटात होती, काही गाठोड्यांत बांधलेली होती. उरलेली बंद दारांवर आपटून निपचित पडली होती. दूरच्या शाळांतली पोरे शत्रूचा चेहरा शिकून नुकतीच वस्तीच्या वेशीत शिरत होती. कज्जलाने तिसऱ्यांदा तोंड उघडले, तेव्हा त्यातून आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांची तोंडे लिंपणारा त्याचा मंत्र उलटून त्याच्याच गळ्यात बसला. राजवाड्यात पेटीतले मोती तडकले, आणि आत हरभऱ्याची टरफले निघाली. शिपायांनी कज्जलाला प्यायला पाणी दिले आणि सीमेपार नेऊन सोडले. तो पुन्हा कोणाच्या वेशीत दिसला नाही.

पहाटे शाल्मलीला घाम फुटला. तापसाने वरची रेघ पुसून जुनी रेघ ओढली होती. दिवस चांगला वर आला, तेव्हा तिने डोळे उघडले. मंजिष्ठा आपल्या मूळच्या उंचीची होऊन तिच्याजवळ बसली होती. राजा भिंतीला टेकून तिथेच झोपला होता. त्याला कोणी उठवले नाही.

"आत्या, भूक लागली."

मंजिष्ठेने मऊ भात आणवला, त्यावर तूप घातले. शाल्मलीने पहिला घास घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले.

"गिळताना दुखतं."

"दुखेल थोडे दिवस. तिथली घरे पडली आहेत."

"कोणाची?"

"सगुणा नावाची एक बाई होती. आणखीही पुष्कळ होत्या."

शाल्मलीने गळ्यावर हात ठेवला. "मग आता ती घरं कोण बांधणार?"

"शेजारणी," मंजिष्ठा म्हणाली. "त्यांनी कड्या काढल्या आहेत. चुली पेटल्या आहेत. पण त्यांना पीठ लागेल. तू जेव."

शाल्मलीने दुसरा घास घेतला. दुखले, तरी गिळला.

नदी पुन्हा राजाला विचारून काठ ओलांडू लागली, आणि त्या राज्यात टिटवीला दगड मारणे गुन्हा ठरले. ज्यांनी ही कथा ऐकली त्यांच्या घराला तोरण राहो. ज्यांनी सांगितली त्यांच्या चुलीला विस्तव राहो.